एडनच्या पुढे

१

रविवारी सकाळी चहाचा मग घेऊन तळघरातल्या ऑफिसात जायचं, दार लावायचं आणि साताऱ्याला आईला फोन लावायचा, हा निमिषचा कित्येक वर्षांचा नेम. वर त्याची बायको आसावरी पोहे परतत असायची आणि लेक स्वानंदी अकराच्या आत काही उठायची नाही. अमेरिकेतल्या श्रूजबरीत सकाळ असते तेव्हा साताऱ्यात दिवेलागण होते. तिकडे फोन स्टँडवर उभा करायच्या त्या इंदूताई, आईकडे दिवसभर असणाऱ्या. निमिषला पडद्यावर आई दिसायची, पण आईला तो दिसत नसे. डोळ्यांचे पडदे खराब झाल्यापासून तिला उजेड आणि सावल्या एवढंच कळायचं. म्हणून ती कान पुढे करून बसे आणि निमिषला तिचा अर्धा चेहरा आणि कानातली एक कुडी दिसे.

बोलायचं तरी काय? तब्येत, गोळ्या, हवा. ते संपलं की आई विचारायची, "मग, कधी येतोयस?"

निमिषकडे उत्तर तयार असायचं. आधी ग्रीन कार्डाची रांग होती आणि ती खरी होती. ग्रीन कार्ड हातात आलं तशी कारणं खोटी व्हायला लागली. स्वानंदीची परीक्षा, ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज, यंदा स्वयंपाकघराचं काम. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण या घरातलं अंगण दरवर्षी नव्या बाजूने वाकडं निघायचं. आई "बरं" म्हणायची. भांडली असती तर त्याला जरा सोपं गेलं असतं.

या वसंतात त्याला एक युक्ती सापडली. मागच्या खेपेला (ती मागची खेप किती मागची, ते सोडा) आईने त्याच्याजवळ एक पत्र्याचा डबा दिला होता. "मला आता दिसत नाही. तुझ्याकडे असू दे, अधूनमधून वाचून दाखव." त्यात तिच्या वडिलांची पत्रं होती. प्रल्हादआजोबा स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी बोटीने अमेरिकेला निघाले, कापडरंगाचं शिक्षण घ्यायला, इथेच मॅसॅच्युसेट्समधल्या एका गिरणीच्या गावी. वाटेतल्या प्रत्येक बंदरातून त्यांचं पत्र आलं. शेवटच्या पत्रात "उद्या न्यूयॉर्क दिसेल असे म्हणतात" एवढं होतं. त्यानंतर पत्र नाही, तार नाही, माणूसही नाही. आई तेव्हा सहा वर्षांची होती.

पत्रं सगळी आजोबांनी आपल्या वडिलांना लिहिलेली. "तीर्थरूप दादांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम." मग हवा, बोटीचं हेलकावणं, उकडलेल्या बटाट्यांचा कंटाळा, आणि शेवटी "घरातील सर्व मंडळींस यथायोग्य." निमिष दर रविवारी एक वाचायचा. ऐकताना आई इतकी गुंगून जायची की तिचा तो प्रश्न विचारायचाच राहून जायचा. हे निमिषच्या लवकरच लक्षात आलं. मग तो पत्रं सावकाश वाचू लागला, आणि पुढे तर लाजलज्जा गुंडाळून एकाच पत्राचे दोन रविवार करू लागला.

२

डबा रिकामा झाला जुलैमध्ये. शेवटचं पत्र वाचून निमिष थांबला.

"संपली का?" आई म्हणाली. "बरं झालं हो, सगळी ऐकून झाली. मग आता तूच ये."

त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. वर जिन्यात फरश्यांचे नमुने रचून ठेवलेले होते आणि पुढच्या आठवड्यात माणूस मोजमाप घ्यायला येणार होता. निमिषच्या तोंडून निघून गेलं, "थांब आई, तळाला एक चिकटून राहिलंय."

आणि तो रिकाम्या डब्याकडे बघत वाचायला लागला. न झालेलं काम झाल्यासारखं लिहून दर शुक्रवारी क्लायंटला पाठवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. जिभेला सवय होती. "तीर्थरूप दादांचे सेवेशी," त्याने सुरुवात केली. आजोबांना धक्क्यावर उतरवलं, उंच इमारती दाखवल्या, थंडीने त्यांचे कान लाल केले. आजोबांच्या खऱ्या पत्रांचा कोरडेपणा त्याला पहिल्यापासून खटकायचा, म्हणून शेवटी त्याने थोडा ओलावा घातला. "ठकीच्या आईस सांगावे, की मला तिची फार आठवण येते." ठकी म्हणजे त्याची आई.

आईची कुडी तेवढी हलत होती. मग म्हणाली, "छान वाचलंस. पुढच्या रविवारी पुढचं वाच."

फोन बंद झाल्यावर निमिष दार लावलेल्या खोलीतच बसून राहिला. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाजेचं एक आहे, ती पोटात घेऊन माणूस पोहे खाऊ शकतो.

ऑगस्टमध्ये आजोबा गिरणीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहिले, त्यांनी बर्फ पाहिला, त्यांना परीक्षेत पहिला वर्ग मिळाला. मग एका रविवारी आईने विचारलं, "एवढं सगळं चांगलं झालं, तर परत का नाही निघाले रे?" म्हणून निमिषने त्यांना परत पाठवलं. पत्रातल्या माणसाला बोटीत बसवायला रजा लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. लिव्हरपूल झालं, जिब्राल्टर झालं. सप्टेंबर संपता संपता बोट पोर्ट सैदला लागली आणि निमिषने मनाशी ठरवलं की आता काही दिवस तिला तिथेच ठेवायची. मुंबईला पोहोचवून पुढे काय करायचं, ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

आईने मात्र "कधी येतोयस" विचारणं सोडलं होतं.

३

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो बोलायला लागला, "तीर्थरूप दादांचे सेवेशी, बोट अजून पोर्ट सैद येथेच..."

"हे झालं की," आई म्हणाली.

"काय झालं?"

"पोर्ट सैद झालं, सुवेझ झालं. एडनला कोळसा भरत होते तिथपर्यंत आलो आपण. कोळशाची भुकटी डेकवर सगळ्यांच्या अंगावर बसली, आणि त्यांना म्हणे कोणी ओळखेना. तूच नाही का वाचलंस बुधवारी?"

निमिष हसला. ऐंशी उलटलेल्या बाईचं डोकं आहे, मनाशी म्हणाला, गल्लत व्हायचीच. त्याने इंदूताईंना फोन हातात घ्यायला सांगितलं. "आई जरा गोंधळतेय का हो अलीकडे?"

"न्हाई ओ दादा, चांगल्या हायेत," इंदूताई म्हणाल्या. "बुधवारी तुमचा फोन झाल्यावर तर लई खुशीत हुत्या."

"मी बुधवारी फोन नाही केला."

"म्या आत भाकऱ्या थापत हुते, तुमचा आवाज आला की. वाचत हुता तुम्ही. पाऊण तास तरी चाललं हुतं."

त्याने फोन तपासला. बुधवारी साताऱ्याला कॉल नव्हता, आणि तिकडे संध्याकाळ असताना तो इकडे आठ माणसांच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर चेहरा दाखवत बसला होता. मग काय असेल? इंदूताईंनी टीव्ही ऐकला असेल. शेजारच्या घरातलं कोणीतरी असेल. एक म्हातारी, एक भाकऱ्यांत गुंतलेली बाई, दोघी मिळून एकमेकींची समजूत घालत असतील. माणसाला पटवून घ्यायचं असलं की कारणांना काय तोटा.

फक्त एक गोष्ट पटवून घेता येईना. आई एडनचं सांगत होती तेव्हा तिच्या आवाजाच्या मागे एक ठोका ऐकू येत होता. जड, सावकाश, खालून येणारा, मोठं यंत्र दम न घेता चालावं तसा. त्याला वाटलं, आपल्याच तळघरातली घर गरम करायची भट्टी. पण ती अजून सुरू केलेली नव्हती.

"इंदूताई, तिकडे मोटर चालू आहे का? पाण्याची वगैरे?"

"न्हाई बा. दुपारपास्नं लाइटच गेलीया."

४

आसावरीला त्याने त्या दिवशी सगळं सांगितलं. म्हणजे बुधवारचं सांगायला गेला आणि ओघात जुलैपासूनचंही बाहेर पडलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. नवा ओटा, पांढरा, अजून डागही न पडलेला.

"तू तिच्या वडिलांची पत्रं फेक केलीस?" ती म्हणाली. "निमिष, धिस इज सो लो यार. काय मिळवलंस?"

"ती खूश होती."

"ती खूश होती की तू सुटत होतास?"

निमिषने मान खाली घातली. आसावरीही नवऱ्याला फार वेळ खाली मान घालून उभं ठेवणाऱ्यांतली नव्हती. "हे बघ, बंद कर आता. आजोबा आजारी पडले, गेले, असं काहीतरी लिही आणि एंड कर. नाहीतर सरळ खरं सांग."

खरं सांगायची हिंमत नव्हती. पुढच्या रविवारी त्याने आजोबांना एडनच्या दवाखान्यात ताप आणला. दोनच वाक्यं वाचून झाली असतील, आई म्हणाली, "हे नाही."

"काय नाही?"

"हे तू मनाचं वाचतोयस. त्यांनी एडन सोडलं. आता मध्ये बंदर नाही, सरळ मुंबई." तिचा आवाज शांत होता, पण हातातल्या पदराला ती एकसारखा पीळ देत होती. "निमिष, मला भीती वाटते रे. ते आले तर मी काय सांगू?"

"आई, कोण येणार आहे? ऐंशी वर्षं झाली..."

"तुला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही कुणाला." तिने इंदूताईंना चहा करायला पाठवलं. "बारा वर्षं वाट बघितली घराने. माझी आई कुंकू लावायची. मी अठराची झाले, मला एक चांगलं स्थळ आलं. पण मुलीचा बाप आहे की नाही हे कोणी सांगेना, तर ते लोक अडून बसले. कन्यादान कोण करणार, आई मांडवात कशी बसणार, कुंकवाने की बिनकुंकवाची? शास्त्रात सोय होती. बारा वर्षं माणूस बेपत्ता असेल तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. दिवस घालतात. दादा, त्यांचे वडील, तयार नव्हते. आई तर बोलतच नव्हती. मी म्हणाले रे. मी म्हणाले, करून टाका."

निमिषने हातातला चहाचा मग खाली ठेवला.

"माहुलीला नदीवर नेऊन केलं. संध्याकाळी आईचं कपाळ पुसलेलं होतं. तिने मरेपर्यंत मला एका शब्दाने विचारलं नाही. आणि तेराव्याला मी दोन लाडू खाल्ले, भूक लागली होती म्हणून." आई थांबली. "आता ते येतायत. मी एकटी त्यांना तोंड कसं दाखवू? तू ये. मला बाकी काही नको. तू फक्त त्या दिवशी माझ्याशेजारी उभा राहा."

५

आता सांगावंच लागणार होतं. एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. आपल्या सोयीसाठी आपण खेळ मांडला आणि एक म्हातारी बाई त्याला खरा धरून थरथरतेय, हे बघून कोणाला वाटणार नाही?

"आई, ऐक. ती पत्रं मी रचली. न्यूयॉर्कच्या पुढची सगळी. आजोबांनी त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. कोणी येत नाहीये. माझी चूक आहे, सगळी माझी."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिलंच ऐकलं तेव्हा कळलं. बायकोची आठवण येते असं त्या काळी कोणी बापाला लिहीत होतं होय? पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं जायचं, सासऱ्यांसमोर, गड्यांसमोर. आईने तोंड कुठे लपवलं असतं?" ती किंचित हसली. "तू रचतोयस हे कळत होतं. तुला ओशाळवाणं वाटू नये म्हणून बोलले नाही. म्हटलं, यायला जमत नाही पोराला, निदान बसतो तरी माझ्यासाठी."

निमिषने कपाळ टेबलाला टेकवलं. आईला ते दिसणार नव्हतं, एवढंच बरं.

"पण बुधवारची तुझी नाहीत," आई म्हणाली. "ती बरोबर आहेत. तीर्थरूप दादांचे सेवेशी, हवा, जेवण, यथायोग्य. आठवणबिठवण काही नाही. आवाज तुझाच असतो, म्हणून मी पण ऐकत बसते. पण तू येईन म्हणालास की तुझा आवाज जरा खाली जातो बघ. बुधवारी वाचणाऱ्याचा जात नाही."

बिचाऱ्या निमिषने त्याच क्षणी बॅग भरायला हवी होती. त्याने तिकिटं बघायला घेतलीही, लगेच, तिच्याशी बोलता बोलता. पण मंगळवारी रिलीज होतं. बुधवारी त्यानंतरचं निस्तरणं. "शुक्रवारी निघतो," तो म्हणाला, "म्हणजे पुढच्या रविवारी तुझ्याजवळ." मग तिकिटाचे दर दिसले, मधला थांबा नऊ तासांचा निघाला, आणि त्याने तारीख आणखी एक आठवडा पुढची धरली. पुढच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या. आईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बरं."

६

त्या मधल्या रविवारी त्याने फोन लावला तेव्हा इंदूताई पायात चपला घालूनच होत्या. नातीचं बारसं होतं. "फोन ठिवते हिथं. दार वढून घेते, लॅच लागतंय आपोआप," म्हणाल्या आणि गेल्या.

आई खोलीच्या मध्यात खुर्चीवर होती. नेहमीसारखा कान पुढे नव्हता. ती चांगलं लुगडं नेसली होती आणि तिने केस घट्ट बांधले होते. तिच्यामागे आखूड बोळ आणि बोळाच्या टोकाला बाहेरचं दार, एवढं निमिषला दिसत होतं. तिकडे अंधारत आलं होतं आणि दिवा कोणी लावला नव्हता.

"आई, दिवा लावायला सांगायचं ना इंदूताईंना."

"मला काय उपयोग दिव्याचा?"

ठोका आता फोनमधून येत नव्हता. निमिषने कानातले इअरफोन काढले तरी तो येत होता. तळघराच्या फरशीतून पायांच्या तळव्यांना लागत होता. त्याने वर हाक मारली, "आसावरी, भट्टी लावलीस का?" वरून स्वानंदीने उत्तर दिलं, "मॉम्स आउट, बाबा!" आणि तिच्या पावलांचा आवाज दूर गेला.

मग ठोका मंद झाला. अंतर पडत गेलं. एकदाचा थांबला. धक्क्याला लागल्यावर थांबावा तसा, असं निमिषच्या मनात आलं आणि ते मनात आल्याचीच त्याला भीती वाटली.

साताऱ्यात दारावर कोणीतरी दोनदा टकटक केलं.

"आई, उघडू नकोस," निमिष म्हणाला.

"उघडायला नको का? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला?" ती उठली. तिने पदर सावरला. "मी पाया पडेन आणि चुकले म्हणेन. तू आहेस ना फोनवर? तू नुसता बोलत राहा. मला धीर येईल."

"आई, थांब. मी येतोय. मी उद्याच निघतो, आजच निघतो. आई."

ती भिंतीला हात लावत बोळातून गेली. निमिषला तिची पाठ दिसली, मग लॅच सरकल्याचा आवाज आला. दार आत उघडलं. जिन्यात दिवा नव्हता. चौकटीत अंधारापेक्षा थोडं जास्त काळं असं काहीतरी उभं होतं, लांब कोटातलं, खांदे किंचित पुढे झुकलेले. चेहऱ्याच्या जागी पडदा नुसता करडा ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. एक बाही तेवढी पुढे आली. कोटाची बाही, जाड लोकरीची, बोटांच्या खाली येणारी.

"आलो, आई," ते म्हणालं.

आवाज निमिषचा होता. प्रल्हादआजोबांचा कसा होता ते जगात कोणालाच माहीत नव्हतं, पण हा निमिषचा होता, आणि तो कुठेही खाली गेला नाही.

आईच्या पाठीतला ताण निमिषच्या डोळ्यांदेखत उतरला. "तू होय रे?" ती म्हणाली. "मी किती घाबरले. तू तर पुढच्या आठवड्यात येणार होतास ना?"

"राहवलं नाही."

आईने ती बाही दोन्ही हातांत घेतली, चाचपत खाली गेली, आणि बाहीत जे काही होतं ते तिच्या तळव्यात धरलं. "किती वाळलेत रे हात," ती म्हणाली. "जेवायला घालत नाही का तिकडे कोणी? ये, आत ये."

"आई!" निमिष ओरडला. "आई, तो मी नाही. मी इथे आहे, फोनवर. माझं ऐक."

आई वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सरळ फोनकडे तोंड करून उभी होती, न दिसणारे डोळे बारीक करून. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. तसा आनंद त्याने कधी पाहिला नव्हता, कारण तो पाहायला जे करावं लागतं ते त्याने केलं नव्हतं.

"मग हा फोनवर कोण बोलतोय?" तिने विचारलं.

निमिषने तोंड उघडलं. मी निमिष, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण तिच्या दारात कोण उभं होतं आणि तळघरात कोण बसलं होतं, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि लाजेने त्याची जीभ उचलेना.

"कोणी नाही," त्याचाच आवाज तिकडून म्हणाला.

"असं होय," आई म्हणाली, आणि फोन बंद करायला ती हात पुढे करून चाचपत आली.